पायांची हजेरी

आमच्या घरात बाबांच्या चपलांवरून एक जुना विनोद चालायचा. बाबा दोन चपला घालून देवळात जातात आणि एक घालून परत येतात. एकदा तर ते रावपुऱ्यातून घरापर्यंत एकाच पायात चप्पल घालून चालत आले. दारात आईने विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाले, "अरेच्चा!" दुसरी चप्पल दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बेनने आणून दिली. आई म्हणायची, "यांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे!" आम्ही हसायचो, बाबाही हसायचे. पाहुणे आले की हा किस्सा हमखास निघायचा.

आता आम्ही तो सांगत नाही. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं, आणि तेही माझ्या स्वतःच्या पायांमुळे.

२०२२चं नवरात्र. करोनामुळे दोन वर्षं बडोद्याचा गरबा आक्रसला होता, तो त्या वर्षी पुन्हा पूर्ण रंगात आला. बडोद्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे बरेच जण गरबा अनवाणीच खेळतात. मध्ये देवी असते, तिच्याभोवती पायताण घालून कसं फिरायचं? घर मराठी असलं तरी गरबा माझ्या अंगात लहानपणापासून मुरलेला. घरात घटस्थापना, रात्री सोसायटीच्या चौकात गरबा, दसऱ्याला सकाळी फाफडा-जिलबी आणि संध्याकाळी आपट्याची पानं, असं आमचं नवरात्र.

सहाव्या रात्री साडेबाराला घरी आलो, हातपाय धुवायला न्हाणीत गेलो, तेवढ्यात बायकोची हाक आली. "अरे, इकडे ये. हे काय आहे?" दारापासून न्हाणीपर्यंत पांढऱ्या फरशीवर लाल ठसे होते. मला वाटलं, कुणाच्या पायाला कुंकू लागलं असेल. मी तिथेच उभा राहून ठसे बघत होतो आणि माझ्या उजव्या पायाखाली आणखी एक ठसा तयार होत होता.

उजव्या चवड्याखाली, करंगळीच्या बाजूला, पेरभर लांबीची चीर होती. आत सोडाबाटलीच्या झाकणाचा तुकडा रुतला होता. तो घेऊन मी किती फेऱ्या खेळलो असेन, मला सांगता येत नाही. मला काहीच कळलं नव्हतं.

यापुढची चूक सर्वस्वी माझी. दुखत नव्हतं, म्हणून मी ते गंभीर मानलं नाही. तुकडा काढला, औषध लावलं, वर चिकटपट्टी लावली आणि दुसऱ्या रात्री पुन्हा गरब्याला गेलो. नवमीला ताप आला, पाऊल सुजलं, बुटात जाईना. दसऱ्याच्या दिवशी घरातले सगळे जिलबी खात होते आणि मी दवाखान्यात होतो.

तिथली एक तपासणी मी विसरणार नाही. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, "तळव्याला काही टेकलं की हो म्हणायचं." मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. एक-दोनदा हो म्हणालो. मग बराच वेळ काहीच झालं नाही, म्हणून मीच म्हणालो, "डॉक्टर, करा सुरू." ते म्हणाले, "झालं की." त्यांच्या हातात नायलॉनचा एक जाड दोरा होता, दाढीच्या ब्रशच्या केसासारखा. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो त्वचेवर टेकवून दाबला की दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. निरोगी पायाला तो सहज कळतो. माझ्या तळव्यांवर बहुतेक ठिकाणी तो वाकला आणि मला पत्ता नव्हता. मग त्यांनी कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क माझ्या अंगठ्याच्या हाडावर ठेवला. मला गार लोखंड लागल्यासारखं वाटलं, पण थरथर अजिबात जाणवली नाही. तोच फोर्क मनगटावर ठेवल्यावर हात झिणझिणला.

रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी होतं ९.६. मधुमेह ६.५पासून धरतात. वय होतं ३४. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी तपासलं नव्हतंत?" तपासलं होतं. कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीची पीडीएफ दीड वर्षं माझ्या मेलमध्ये पडून होती. ती मी उघडलीच नव्हती. दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिममधले इशारे वाचून पगार घेणारा माणूस मी, स्वतःचा एकुलता एक इशारा न वाचता ठेवून दिला होता.

खरं तर पायही सांगत होते. वर्षभर रात्री तळव्यांना मुंग्या यायच्या. कधी चादरीचा स्पर्शही चुरचुरायचा. पायात मोजे नसताना मोजे आहेत असं वाटायचं. मी ते सगळं खुर्चीत बसून बसून होतं म्हणून सोडून दिलं होतं.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा मज्जातंतू जवळपास मीटरभर लांब असतो. शरीरातल्या सगळ्यांत लांब तारा याच. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या तारा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात. सगळ्यांत लांब तार आधी जाते, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो. पुढे हातांतही येऊ शकतो. मधुमेह हे याचं मोठं कारण, पण एकमेव नव्हे. बी-ट्वेल्व्हची कमतरता, दारू, कर्करोगावरची काही औषधं, कुष्ठरोग यांनीही हे होतं. माझं बी-ट्वेल्व्हही कमी निघालं. मी शाकाहारी, आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-ट्वेल्व्ह आणखी उतरू शकतं, म्हणून ते दर वर्षी तपासायला सांगितलं.

जखम भरायला दहा आठवडे लागले. त्या पायावर भार टाकायचा नाही, दिवसाआड ड्रेसिंग, आणि ते बदलताना आईने तोंड फिरवून उभं राहणं. डॉक्टर शेवटी म्हणाले, "अजून चार दिवस थांबला असतात तर आपण जखमेबद्दल नाही, बोटाबद्दल बोलत असतो."

आता खरी गोष्ट सुरू होते, कारण जखम भरल्यावर मी जे केलं ते जखमेपेक्षा वाईट होतं. मी हलायचंच बंद केलं.

"अनवाणी चालायचं नाही" हे डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यात "चालायचं नाही" असं बसलं. घरून काम होतंच. बिछान्यावरून खुर्चीत, खुर्चीतून जेवणाच्या टेबलाशी. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. ती कमाटीबागेत चल म्हणायची आणि मी म्हणायचो, "बाबाच्या पायाला बाऊ झालाय." बाऊ जाऊन तीन महिने झाले होते.

आणि हे सगळं ज्या घरात, तिथे बैठकीच्या भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. लंगोट, हातात मुद्गल, पायाखाली आखाड्याची माती. आजोबा तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, राजरत्न प्रा. माणिकरावांच्या शिस्तीत वाढलेले. पहाटेचे जोर, बैठका, मल्लखांब. अंगाला माती लागल्याशिवाय व्यायाम होत नाही असं ते म्हणायचे. मला त्या फोटोखालून जायला नको वाटायचं. त्यांच्या दृष्टीने व्यायाम म्हणजे अनवाणी पाय आणि माती, आणि माझ्यासाठी या दोन्ही गोष्टी धोक्याच्या. तेव्हा व्यायाम हा विषयच संपला, असं मी स्वतःला पटवून दिलं.

मे २०२३मध्ये एका सकाळी आंघोळ करताना तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि सरळ भिंतीवर आदळलो. पाय घसरला नव्हता. डोळे मिटल्यावर मी कुठे उभा आहे तेच शरीराला कळेना. नळाला धरलं म्हणून वाचलो. बायको दाराबाहेरून विचारत होती, "काय पडलं?" मी म्हणालो, "बादली."

तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून माहिती घेतं. डोळे, आतला कान, आणि पायांच्या त्वचेतून, सांध्यांतून येणारे संदेश. माझ्या पायांकडून येणारी माहिती जवळजवळ बंद होती, म्हणून सगळा भार डोळ्यांवर आला होता. डोळे मिटले की मी पडणार. आणि पाच महिने बसून पोटऱ्या इतक्या बारीक झाल्या होत्या की सावरायला ताकदही नव्हती.

डॉक्टरांनी मग फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. जाण्याआधी त्यांनी हृदयाची तपासणी करून घेतली, आडवं झोपवून आणि उभं करून रक्तदाब मोजला, कारण न्यूरोपथी हृदय आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या तंतूंनाही लागू शकते. तसं असेल तर व्यायामात नाडीचे ठोके नीट वाढत नाहीत, उठल्यावर चक्कर येते. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. पण ज्याला ही व्याधी आहे त्याने ही तपासणी केल्याशिवाय जोराचा व्यायाम सुरू करू नये.

फिजिओथेरपिस्ट बाई माझ्याहून लहान होत्या. मी म्हणालो, "पायावर भार टाकायचा नसतो ना?" त्या म्हणाल्या, "जखम असताना नाही. जखम नसताना टाकायचा." त्यांनी सांगितलं की पूर्वी अशा रुग्णांना चालू नका, सायकल आणि पोहण्यावर भागवा, असंच सांगायचे. मग पुरावे बदलले. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने आणि क्रीडावैद्यक संघटनेने २०१०मध्ये एकत्र काढलेल्या मार्गदर्शनात, उघडी जखम नसेल तर मध्यम वेगाने चालण्यासारखा व्यायाम करायला हरकत नाही असं म्हटलं. घरी येऊन मी आणखी वाचलं. कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२मध्ये मधुमेही न्यूरोपथी असलेल्या १७ जणांकडून १० आठवडे चालण्यासारखा आणि ताकदीचा व्यायाम करून घेतला. त्यांचा त्रास कमी झाला, आणि त्वचेतल्या मज्जातंतूंना नव्या फांद्या फुटल्याचंही दिसलं. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे मलाही कळतं. पण "काहीच होऊ शकत नाही" हे माझं पालुपद त्या दिवशी गळून पडलं.

बाईंचं एक वाक्य मात्र कुठल्या शोधनिबंधात नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पायाला विचारताय, दुखतंय का? तो खोटं बोलणार. त्याला विचारू नका, त्याच्याकडे बघा."

मी सर्व्हर सांभाळतो. एखाद्या सर्व्हरकडून तक्रार येत नाही, याचे दोन अर्थ असतात. एक, सगळं ठीक आहे. दुसरा, तक्रार पाठवणारी यंत्रणाच बंद पडली आहे. दुसऱ्या बाबतीत आम्ही सर्व्हर बंद करून टाकत नाही. ठरावीक वेळाने स्वतः जाऊन बघतो. माझ्या पायाचंही तेच करायचं होतं. पाय वापरणं थांबवायचं नव्हतं, बघणं सुरू करायचं होतं.

सुरुवात आठ मिनिटांच्या चालण्याने झाली. सोसायटीच्या आत, सपाट जागेवर, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला थोडं वाढवायचं, पण पायावर लाली, फोड काही नसेल तरच. चालताना गप्पा मारता याव्यात, गाणं मात्र म्हणता येऊ नये, एवढा वेग. मधुमेहासाठी आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, हे धोरण. तिथपर्यंत पोचायला मला चार महिने लागले. ज्या दिवशी चवडा लाल दिसे त्या दिवशी घरातली स्थिर सायकल.

ताकदीसाठी आजोबांच्या बैठका परत आल्या, फक्त स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. ओट्याला धरून टाचा उचलणं. हे सगळं बुटांत. आई पोळ्या लाटत असायची आणि मी शेजारी बैठका मारत असायचो. ती म्हणायची, "तुझे आजोबा बघत असतील हं." कौतुक होतं की टोमणा, तिने कधी सांगितलं नाही.

तोलाचा व्यायाम लेकीने ताब्यात घेतला. एका पायावर उभं राहायचं म्हणजे तिच्या दृष्टीने लंगडीच. फरक एवढाच की मला उडी मारायची नव्हती, नुसतं उभं राहायचं होतं, एक हात ओट्याजवळ ठेवून, डोळे उघडे. ती मोजायची. पहिल्या दिवशी तिने मोजले चार. स्वतः उभी राहिली तेव्हा चाळीसपर्यंत मोजून कंटाळली. मग फरशीच्या रेघेवरून, टाचेला बोटं लावत, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखं चालायचं. सहा महिन्यांनी मी एका पायावर अठरा आकडे गाठले. तिने आजीला फोनवरून ओरडून सांगितलं, आजी शेजारच्या खोलीतच होती.

आणि रोज रात्री हजेरी. हा शब्दही लेकीचाच. जेवणानंतर मी पाय पुढे करून बसतो, ती शाळेतल्या बाईंसारखी नाव घेते. "अंगठा?" "हजर." "करंगळी?" "हजर." प्रत्येक बोट, बोटांमधल्या बेचक्या, टाच, चवडा. तळवा मला नीट दिसत नाही, म्हणून ती माझ्या फोनवर फोटो काढते. फोनमध्ये आता माझ्या तळव्यांचे शेकडो फोटो आहेत. कुणी फोन मागितला की मी गॅलरी उघडू देत नाही.

या हजेरीचे नियम सरळ आहेत. बूट काढल्यावर उठलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तो बूट माझा नाही. कापलं, फोड आला, भेग पडली तर दुखत नसलं तरी दाखवायचं. एकच पाऊल गरम, लाल, सुजलेलं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण हाडं ढासळू लागली तरी बधिर पायाला कळत नाही. मोजे पांढरे, म्हणजे रक्त किंवा पू लागला तर दिसतो. बूट घालण्याआधी आत हात घालून बघायचं. एकदा लेकीचा खेळण्यातला ठोकळा निघाला, एकदा तुरीचे दोन दाणे. बूट संध्याकाळी विकत घ्यायचे, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. नवे बूट पहिल्या दिवशी तासभरच. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं. तेल किंवा क्रीम तळव्याला लावायचं, बेचक्यांत नाही, तिथे ओल राहते. घरातही चप्पल, देवघरापर्यंत.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा या नियमांची परीक्षा झाली. सोसायटीत गुडघाभर पाणी. सगळे खाली उतरून गाड्या ढकलत होते, दूध पोचवत होते, आणि मी दुसऱ्या मजल्यावर उभा. त्या पाण्याखाली काय काय होतं, माझ्या पायाला कळलं नसतं. शेजारचे काका खालून ओरडले, "इंजिनियर, बूट भिजतील का?" हसलो, पण लागलं. ते तीन दिवस मी आमच्या मजल्यापासून गच्चीपर्यंतचा कोरडा जिना कठड्याला धरून चढलो-उतरलो. पाणी ओसरल्यावर एकाच इमारतीतल्या दोघांचे पाय काचेने कापलेले निघाले. त्यांना निदान कापलं तेव्हाच कळलं होतं.

मग नवरात्र आलं. २०२३चं मी खुर्चीत बसून पाहिलं होतं. या वेळी लेकीने आधीच ठरवून टाकलं होतं की बाबा खेळणार. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, संथ चाल, वीस मिनिटांनी बसून पाय बघायचे, आणि अर्थातच बूट.

शारीरिक अडचण संपली होती, उरली होती ती लाज. देवीसमोर बूट घालून कसं जायचं? आमच्या सोसायटीचा गरबा सांभाळणाऱ्या बा आहेत, सत्तरीच्या. आरतीची थाळी त्यांच्याच हातात असते. मी पहिल्या माळेच्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. जखम, बधिरपणा, दहा आठवडे. हे मी घराबाहेर कुणाला सांगितल्याची पहिलीच वेळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बेटा, तने वागे ए माताजीने गमे?" तुला लागलेलं माताजीला आवडेल का? मग म्हणाल्या, बूट नवे आण, ते बाहेर रस्त्यावर घालू नकोस, फक्त चौकात घाल. एवढंच.

मी घरात आठवडाभर वापरून रुळवलेले पांढरे बूट घालून बाहेरच्या वर्तुळात उतरलो. तीन टाळीची संथ चाल. पायाखालची जमीन मला पूर्वीसारखी कळत नव्हती. मी पुढच्या माणसाच्या पायांकडे बघत पाऊल टाकत होतो. वीस मिनिटं खेळलो, बाहेर येऊन खुर्चीत बसलो, मोजे काढले. लेक मोबाइलचा टॉर्च घेऊन आली आणि भर चौकात तिने हजेरी सुरू केली. "अंगठा?" "हजर."

बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते. ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुला ते मोज्यासारखं वाटतं म्हणतोस ना, मोजे नसताना. कधीपासून वाटायचं?"

मी म्हणालो, "पडायच्या आधी वर्षभर. का हो बाबा?"

ते म्हणाले, "मला सात-आठ वर्षं झाली असतील."

आणि तेव्हा मला चपला आठवल्या. पायातून सैल चप्पल निसटून जाते आणि माणसाला कळत नाही, ही न्यूरोपथीची अगदी ओळखीची खूण आहे, डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत विचारली होती. मी "नाही" म्हणालो होतो, कारण मी बूट घालतो. बाबांचं लक्ष देवात नव्हतं, की भलतीकडेही नव्हतं. त्यांना चप्पल गेल्याचं कळतच नव्हतं. बारा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या त्या किस्स्यावर आम्ही पाहुण्यांसमोर हसत होतो. मी विचारलं, "सांगितलं का नाहीत?" ते म्हणाले, "दुखत नव्हतं रे. मग काय सांगायचं?"

दुसऱ्याच आठवड्यात त्यांना दाखवलं. दोऱ्याची तीच परीक्षा. डोळे मिटून बाबा शांत बसले होते आणि दोरा वाकत होता. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो. नशीब एवढंच की त्यांच्या पायावर जखम नव्हती.

माझा बधिरपणा गेला नाही, हे स्पष्ट सांगतो. रात्रीच्या मुंग्या कमी झाल्या आहेत, एचबीएवनसी ६.८वर आलं आहे, आंघोळीत आता एक हात भिंतीला लावून उभा राहतो. तळव्यांना जे कळत नव्हतं ते अजूनही कळत नाही. पण मी चालतो.

मंडळाच्या या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा आमच्या पिढीला काय सांगावं, याचा विचार केला. तुमच्या मेलमध्येही एखादी न उघडलेली पीडीएफ असेल, ती उघडा. आणि आज रात्री आईबाबांना पाय पुढे करायला सांगा. ते "काही नाही रे, दुखत नाही" म्हणतील. तरी बघा.

आम्ही हल्ली सकाळी दोघं कमाटीबागेत जातो. बाबांनी मागे पट्टा असलेले बूटवजा सँडल घेतले आहेत, निसटत नाहीत. सुरुवातीला त्यांनी खूप कुरकुर केली, आता रोज मला उठवायला तेच येतात. घरी आल्यावर दोघं शेजारी शेजारी बसतो, मोजे काढतो, आणि शाळेला निघायच्या घाईत असलेली लेक वीस बोटांची हजेरी घेते. बाबांच्या डाव्या पायाचं चौथं बोट रोज उशिरा "हजर" म्हणतं. ते मुद्दाम तसं करतात, तिला हसवायला.